देणे, लावणे आणि पोसणे

कोणाच्या तरी पाठीशी पैसा उभा करणे या एकाच कृतीसाठी मराठीत कितीतरी क्रियापदे आहेत. देणे, पुरवणे, लावणे, ओतणे, चारणे, पोसणे. शिवाय हातभार लावणे आणि पदरमोड करणे. यांतील एक शब्द दुसऱ्याच्या जागी सहसा चालत नाही. शाळेच्या इमारतीला माणूस पैसे देतो, शर्यतीच्या घोड्यावर पैसे लावतो, अडलेला कागद पुढे सरकावा म्हणून कचेरीत पैसे चारतो. गावातला दांडगा असामी चार गुंड पोसतो. प्रत्येक ठिकाणी एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसाच जातो. परंतु देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते प्रत्येक ठिकाणी निराळे असते आणि ते नाते क्रियापद सांगते. हा भेद मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही.

असे असताना एखादी कंपनी राजकीय पक्षाच्या खात्यात शंभर कोटी रुपये भरते तेव्हा वृत्तपत्रे, निवडणूक आयोगाचे तक्ते आणि पक्षांचे प्रवक्ते एकमुखाने एकच क्रियापद उच्चारतात : ‘देणगी दिली’. हे क्रियापद खोटे आहे. ते चुकून वापरले जात नाही, सोयीने वापरले जाते. आणि जोवर ते खपते आहे तोवर या देशातील मतदाराला आपल्या मताची खरी किंमत कळणार नाही.

‘देणे’ या शब्दाचा मूळ अर्थ पाहावा. जुन्या रीतीत दान करताना उदक सोडीत. पाणी हातावरून ओघळले की त्या वस्तूवरचा दात्याचा हक्क संपला. दिलेले परत मागावयाचे नाही, त्याचा मोबदला अपेक्षावयाचा नाही, हे त्या शब्दात गृहीत असते. ‘पुरवणे’ म्हणजे समोरच्याची गरज संपत नाही तोवर ओघ चालू ठेवणे. ‘लावणे’ याचा अर्थ परताव्याची आशा धरून जोखीम पत्करणे. आणि ‘पोसणे’ या क्रियापदाचे कर्म नेहमी असा कोणी असतो, की जो पोशिंद्याचा हात आखडताच उभा राहू शकत नाही. आई लेकराला पोसते, शेतकरी जगाला पोसतो. तो या शब्दाचा उजळ अर्थ होय. परंतु धट्टाकट्टा माणूस दुसऱ्याच्या पोळीवर पोसला जाऊ लागला म्हणजे त्याला मराठीत मिंधा म्हणतात, आणि ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी ही त्याच्या राजकारणाची सारी मीमांसा असते.

अलीकडे नागरी बोलण्यात ‘फंडिंग करणे’ आणि ‘बँकरोल करणे’ हे शब्द आले आहेत. त्यांतील दुसरा शब्द अमेरिकेतून, नोटांच्या गुंडाळीवरून आला. एखाद्याला कोणी ‘बँकरोल’ करतो असे म्हटले की इंग्रजी जाणणाऱ्याला ताबडतोब कळते, की पुढे दिसणारा माणूस वेगळा आणि खेळ ज्याच्या पैशावर चालला आहे तो माणूस वेगळा. इतका रोखठोक शब्द परभाषेतून येऊनही आपल्या आयोगाच्या तक्त्यात मात्र ‘देणगी’च नांदते आहे.

कंपनी मुळात ‘देऊ’ शकते काय, हा पहिला प्रश्न आहे. कंपनी म्हणजे माणूस नव्हे. तिच्या तिजोरीवर संचालकांची खाजगी मालकी नसते. तो पैसा कंपनीच्या उद्दिष्टांसाठी आणि तिच्या हितासाठीच खर्चिला पाहिजे, हे कंपनी कायद्याचे मूलतत्त्व आहे. धर्मादाय कार्याला ठराविक प्रमाणापलीकडे पैसे द्यावयाचे झाले तरी भागधारकांच्या सर्वसाधारण सभेची संमती लागते. ज्या पैशावर आपलाच हक्क पुरता नाही त्यावर उदक सोडणार कोण? संचालकांनी पक्षाला दिलेला पैसा कंपनीच्या लाभासाठी नसेल तर तो भागधारकांचा विश्वासघात ठरतो; आणि लाभासाठी असेल तर ती देणगी नव्हे, गुंतवणूक होय. तिसरी वाट तर्काला दिसत नाही.

हा पेच आजचा नाही. १९५७ साली तो मुंबई उच्च न्यायालयापुढे उभा राहिला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना पैसे देता यावेत म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करून हवा होता. एका भागधारकाने त्याला विरोध केला. तेव्हाच्या कायद्यात असा बदल रोखण्याची तरतूद नसल्यामुळे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या न्यायालयाने तो मान्य केला; परंतु मान्य करतानाच त्यांनी संसदेला बजावले, की हा धोका वाढत गेला तर तो एके दिवशी लोकशाहीचा गळा आवळील. सत्तर वर्षांकडे वाटचाल करणारा हा इशारा मुंबईतूनच दिला गेला होता, याचे स्मरण मुंबईच्या धनिकांच्या ओसरीवर निवडणूक निधीसाठी बसणाऱ्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी ठेवावयास हवे होते.

संसदेने या इशाऱ्याचे काय केले, याचा इतिहास उद्बोधक आहे. १९६० साली कंपनी कायद्यात २९३-क हे कलम घालून २५,००० रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे पाच टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितकी मर्यादा घालण्यात आली. १९६९ साली कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर संपूर्ण बंदी आली. परंतु निवडणुकीचा वाढता खर्च कोठून भागवावयाचा याची कोणतीही व्यवस्था त्या बंदीबरोबर झाली नाही. म्हणून धनादेशाने येणारा पैसा बॅगांतून येऊ लागला. १९८५ साली बंदी उठली आणि पाच टक्क्यांची मर्यादा परत आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ती साडेसात टक्के केली. आणि २०१७ साली वित्त विधेयकाच्या पोटातून ही मर्यादाच काढून टाकण्यात आली. कोणत्या पक्षाला किती पैसे दिले हे हिशेबात दाखविण्याचे बंधनही त्याबरोबर गेले. नफ्याची अट गेली म्हणजे तोट्यातल्या कंपनीलाही, इतकेच काय, केवळ कागदावर असलेल्या कंपनीलाही वाट मोकळी झाली. तोट्यात बुडालेला माणूस कोट्यवधींचे दान करतो, ही कथा पुराणात शोभेल. ताळेबंदात शोभत नाही.

त्याच वर्षी घोषित झालेली आणि २ जानेवारी २०१८ रोजी अमलात आलेली निवडणूक रोख्यांची योजना म्हणजे या असत्य क्रियापदाचा कळस होता. हजार रुपयांपासून एक कोटी रुपयांपर्यंतचे रोखे केवळ भारतीय स्टेट बँकेच्या शाखांत विकत मिळत. पंधरा दिवसांत ते पक्षाने वटवावयाचे. आणि विकत घेणाऱ्याचे नाव कोठेही उघड व्हावयाचे नाही. रिझर्व्ह बँक आणि निवडणूक आयोग या दोघांनीही या योजनेविरुद्ध लेखी आक्षेप नोंदविले होते. ते बाजूला सारले गेले. पक्षांच्या वार्षिक हिशेबांत मग ‘निवडणूक रोख्यांद्वारे प्राप्त’ एवढीच ओळ दिसू लागली. शाळेतले मूलही विचारील, की या वाक्याचा कर्ता कोठे आहे? रक्कम प्राप्त झाली. पण दिली कोणी? कर्ताच नाहीसा करणारा हा प्रयोग भारताच्या निवडणूक कायद्यात सहा वर्षे चालू राहिला.

आणि तो कर्ता सर्वांपासून लपला होता असेही नव्हे. रोख्यांवर उघड्या डोळ्यांना न दिसणारा एक गुप्त क्रमांक असे. तो अतिनील प्रकाशातच दिसे. रोखे विकणारी बँक सरकारची, चौकशी करणाऱ्या यंत्रणा सरकारच्या. पैसा कोणी दिला हे मतदाराला कळण्याची सोय नव्हती. सत्तेला कळून घ्यावयाचे झाले तर तिची वाट कोणी अडविणार नव्हते. विरोधी पक्षाला पैसे दिल्याचे उघड झाल्यास आपल्यावर सूड उगविला जाईल अशी देणाऱ्यांना भीती वाटते, म्हणून गुप्तता हवी, असा युक्तिवाद अर्थमंत्री अरुण जेटली यांनी योजना मांडताना केला होता. या युक्तिवादातील भीती खरी मानली तरी तिचा निष्कर्ष उलटा निघतो. सूड उगवू शकतो तो सत्ताधारी. ज्याच्यापासून संरक्षण हवे त्याच्याच हाती किल्ली देऊन ज्या मतदाराला सूड उगविता येत नाही त्याच्यासमोर पडदा ओढणे, याला संरक्षण म्हणत नाहीत.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणे मतदाराच्या माहितीच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. २०१७ साली उठविलेली कंपन्यांवरील मर्यादाही त्याच निकालाने परत आली. या निकालात प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे विधान वेगळेच आहे. नागरिक पक्षाला पैसे देतो ते पाठिंबा म्हणूनही देऊ शकतो. परंतु कंपनी देते तो मोबदल्यात लाभ मिळविण्याच्या हेतूने केलेला निव्वळ व्यापारी व्यवहार असतो, असा भेद मुख्य न्यायमूर्तींच्या निकालपत्राने केला. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने या व्यवहाराचे क्रियापदच ठरवून दिले : ‘देणे’ नव्हे, ‘लावणे’.

स्टेट बँकेने माहिती देण्यासाठी ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकेपर्यंत मुदत मागितली. ११ मार्च रोजी न्यायालयाने ती नाकारली आणि तीन दिवसांत याद्या प्रसिद्ध झाल्या. कर्ता परत आला. सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम एक कोटीच्या रोख्यांची होती. सामान्य कार्यकर्त्याच्या हजार रुपयांची बतावणी तेथेच संपली. जवळजवळ निम्मा पैसा केंद्रात सत्ता असलेल्या भारतीय जनता पक्षाकडे गेला होता. सर्वांत मोठी खरेदी कोणा पोलाद कारखान्याची वा बँकेची नव्हती. लॉटरीच्या धंद्यातील एका कंपनीने १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेतले होते, आणि त्यांतला सर्वांत मोठा हिस्सा पश्चिम बंगाल व तमिळनाडूत तेव्हा सत्तेवर असलेल्या पक्षांना मिळाला होता. केंद्रीय यंत्रणांच्या छाप्यांनंतर रोखे विकत घेणाऱ्या कंपन्यांची नावेही यादीत आढळली. ज्याच्या हाती सत्ता त्याच्या पदरी पैसा, एवढा एकच नियम सर्व पक्षांना सारखा लागू पडला. रोखे स्वीकारावयाचे नाहीत हे धोरण मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षासारख्या थोड्याच पक्षांनी पाळले.

प्रत्येक रोखा लाचेचा होता असे सिद्ध झालेले नाही, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. देवघेवीच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी अमान्य केली. परंतु लाच सिद्ध झाली नाही म्हणून ‘देणगी’ सिद्ध होत नाही. चारणे आणि देणे यांच्या मध्येच तर लावणे आणि पोसणे उभे आहेत. आणि लोकशाहीला खरा धोका त्या मधल्या प्रदेशातून आहे. लाच एका कामापुरती असते. काम झाले की हिशेब मिटतो. पोसण्याचा हिशेब कधीच मिटत नाही. उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. त्यामुळे हेलिकॉप्टर, जाहिराती, सर्वेक्षणे आणि प्रचारयंत्रणा यांची पातळी ज्याच्याकडे सर्वांत अधिक पैसा तो ठरवितो, आणि इतरांना तेथवर पोचण्यासाठी पोशिंदा शोधावा लागतो. प्रथम पैसा मदत म्हणून येतो, नंतर गुंतवणूक म्हणून, आणि शेवटी तो थांबला तर पक्षाचे कार्यालयच बंद पडेल अशी अवस्था येते. त्या दिवशी पक्षाचा सदस्य, त्याची वर्गणी, त्याची शाखासभा यांना काही अर्थ उरत नाही. कोणी काही मागण्याची आवश्यकताच राहत नाही. पोसलेल्याला पोशिंद्याचे मन आपोआप कळते.

कोणाचे म्हणणे किती वेळात ऐकले जाते, हे पाहिले म्हणजे हा अर्थ उमगतो. २० सप्टेंबर २०१९ रोजी एका अध्यादेशाने कंपन्यांवरील आयकराचा मूळ दर तीस टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर आणला गेला. त्यासाठी कोणा कारखानदाराला थंडीवाऱ्यात रस्त्यावर बसावे लागले नाही. तीन शेती कायदे मागे घ्यावेत एवढ्यासाठी शेतकरी मात्र २०२० च्या नोव्हेंबरपासून वर्षभर दिल्लीच्या सीमांवर बसून होते. या दोन घटनांमागे अमुक रोखा आणि तमुक धनादेश होता असे कोणी म्हणणार नाही. तसे म्हणण्याची गरजही नाही. एकाचे गाऱ्हाणे दिवाणखान्यात ऐकले जाते आणि दुसऱ्याचे काटेरी तारांच्या पलीकडून, एवढे पुरेसे आहे.

आणि याच शेतकऱ्यांना काय विचारले गेले? ‘तुम्हांला पैसा कोण पुरवितो?’ येथे मात्र क्रियापद अचूक सापडले. आंदोलनामागचे ‘फंडिंग’ शोधण्याचा उत्साह ज्यांना आवरत नव्हता, त्याच मंडळींनी पक्षांच्या तिजोरीत कोण पैसा ओततो हे जनतेला कळता कामा नये असा कायदा केला होता. परकीय पैशाविषयीचा दांभिकपणा तर याहून निर्लज्ज आहे. आणीबाणीत, १९७६ साली, परकीय देणग्यांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला आणि त्याने राजकीय पक्षांना परकीय स्रोतांकडून पैसे घेण्यास मनाई केली. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी एका परकीय कंपनीसमूहाच्या येथील कंपन्यांकडून पैसे घेऊन या कायद्याचा भंग केला असा निर्णय दिला. पुढे काय झाले? २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांनी ‘परकीय’ या शब्दाची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने, थेट १९७६ पर्यंत मागे नेऊन बदलली. गुन्हेगार बदलत नव्हता म्हणून गुन्हा बदलण्यात आला. आणि हाच कायदा स्वयंसेवी संस्थांसाठी मात्र वर्षानुवर्षे अधिक जाचक होत गेला. खेड्यातील आरोग्यकेंद्राला आलेला पैसा संशयास्पद, पक्षाच्या खात्यातील पैसा पवित्र!

यावर कोणी म्हणेल, की पैशावाचून राजकारण चालत नाही आणि धनिकांच्या मदतीवाचून या देशात कोणतीही चळवळ उभी राहिलेली नाही. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे अर्धे खरे आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’साठी अडीच हजार रुपये दिले. देणारा कोण हे सर्वांना ठाऊक होते, हेतू उघड होता आणि त्या पैशाने आंबेडकरांची लेखणी कोणापुढेही झुकली नाही. तेथे ‘दिले’ हेच क्रियापद शोभते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमा करण्याचा संकल्प झाला, तेव्हा अर्देशीर गोदरेज यांनी तीन लाख रुपये दिले. पण त्याच काँग्रेसचे सदस्यत्व चार आण्यांच्या वर्गणीवर उभे होते. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड चालविला : घरोघरच्या बायांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि त्यावर बहुजनांची मुले शिकावयाची. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. पदरमोड या शब्दाचा अर्थ कोशात पाहण्यापेक्षा तेथे पाहावा.

म्हणजे प्रश्न पैसा घेण्याचा नाही. तो घेताना वाक्य पूर्ण उच्चारण्याचा आहे. कोणी, कोणाला, किती आणि कशासाठी, या चारही प्रश्नांची उत्तरे देता आली तर ते ‘देणे’. एक जरी उत्तर दडविले तर ते दुसरेच काही. ज्याने मूठभर धान्य दिले त्याला संस्थेला जाब विचारता येतो, आणि हजारांनी मुठी दिल्या म्हणजे कोणा एकाच्या मुठीत संस्था जात नाही. वर्गणीचे राजकीय मोल हे आहे.

निकालाने रोखे संपले; पोसणे संपलेले नाही. मोठ्या रकमांचा ओघ आता २०१३ च्या योजनेखालील इलेक्टोरल ट्रस्टांकडे वळला आहे. तेथे नावे नोंदली जातात हे खरे. परंतु अनेक कंपन्यांचा पैसा एका हौदात ओतून पुढे पक्षांकडे सोडला म्हणजे कोणाचे पाणी कोणाच्या शेतात गेले हे पुन्हा धूसर होते. २०,००० रुपयांपर्यंतच्या रकमा देणाऱ्यांची नावे आयोगाला कळविण्याचे बंधन नाही, हे भोक तर पूर्वीपासूनच आहे. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्ष माहितीच्या अधिकाराखाली येतात असे ठरविले. त्यांत काँग्रेस आणि भाजप होते तसेच दोन्ही कम्युनिस्ट पक्षही होते. त्यांपैकी एकाही पक्षाने तो निर्णय अमलात आणला नाही. रोखे नाकारणाऱ्यांनी आपल्या हिशेबाच्या वह्या जनतेपुढे उघडावयास का कचरावे, याचे उत्तर डाव्या पक्षांनीही दिले पाहिजे.

करावयाचे काय, हे अज्ञात नाही. कंपन्यांच्या पैशाला बंदी हवी. पण १९६९ ची चूक टाळून, म्हणजे तिच्याबरोबरच पक्षांच्या खर्चालाही मर्यादा हवी आणि इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ साली सुचविल्याप्रमाणे मान्यताप्राप्त पक्षांना सार्वजनिक निधीतून वस्तुरूप साहाय्य हवे. लहान रकमांचाही नावानिशी हिशेब हवा. माहितीचा अधिकार पक्षांना लागू व्हावयास हवा. यांपैकी एकही सुधारणा पोसलेले पक्ष आपण होऊन करणार नाहीत. म्हणून ती मागणी मतदारांच्या सभांतून, कामगारांच्या संघटनांतून आणि पक्षांच्या स्वतःच्या शाखांतून उठावी लागेल.

तोवर निदान एवढे तरी व्हावे. पुढच्या निवडणुकीत एखादा उमेदवार मत मागावयास दारात येईल तेव्हा मतदाराने त्याला जाहीरनाम्याआधी एक प्रश्न विचारावा : तुमच्या पक्षाला कोण पोसतो? उमेदवार ‘देणग्या येतात’ असे उत्तर देईल. येतात हे क्रियापद वाऱ्यापावसाला शोभते. पैसा येत नसतो. कोणीतरी तो आणून ठेवतो. त्या कोणाचे नाव मिळेपर्यंत मतदाराने दारातून हलू नये.